गारगोटीचं पीठ

कोरेगाव भीमा, ता. शिरूर
३ जानेवारी १९७५

आनंदास,

चांगुणाचा जय भीम. इकडं सगळी खुशाल हायेत, असं पत्राच्या तोंडाला लिहायची रीत हाय. मी लिहिणार न्हाई. कोण किती खुशाल हाय ते तुला ठावं हाय.

परवा एक तारखेला तू स्तंभाला आला व्हतास. न्हाई म्हणू नको, सोजरबाईनं डोळ्यानं बघितलं. पांढरा शर्ट, हातात घड्याळ, संगं बायको. स्तंभापासून माझं घर किती लांब? दौंडावरनं इथवर आलास आन् तेवढं चालवलं न्हाई तुला? मी दिवसभर दार उघडं टाकून दारातच बसले व्हते. वाट बघत न्हवते. तूर निवडायची व्हती.

आई गेली तवा तू सात वर्सांचा व्हतास, तुला मी वाढवलं, हे काढायला पत्र लिहीत न्हाई. पण आपल्या हातनं वाढलेलं माणूस दारावरनं माघारी जातं तवा त्याच्या पोटात काय तरी असतं, येवढं मला कळतं.

तू आला न्हाईस, तुझा कागद आला. तुमच्या मिलमधला म्हाळू घेऊन आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाई, पाणी घेतलं न्हाई. "आनंदराव मुकादमांनी दिलंय, सही करा, मी थांबतो." म्हटलं, "थांब की. उन्हात थांब." मी दुसरी शिकलेली, छापील अक्षर लावायला मला अर्धा दिवस जातो. तासभर थांबला आन् गेला.

कागदात लिहिलंय की माझे पती (नाव घातलंय, मी लिहीत न्हाई) यांना मिलमध्ये कामावर लागण्यापूर्वीपासून क्षयाची बाधा होती आन् माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सहीला जागा. संगं तुझी चिठ्ठी, की आक्का, सही दे, शेठनी शब्द दिलाय, अंजनाच्या नवऱ्याला मिलमध्ये चिकटवतो.

आता सांग. माझी तक्रार न्हाई हे मला ठावं हाय. मग ते शेठला कागदावर कशाला पायजे? आन् कामाला लागण्यापूर्वीपासून? आठ वर्सांमागं तुझे दाजी तुझ्या संगं दौंडाला गेले तवा दोन खांद्यावर दोन पोती घेऊन चालत व्हते. क्षयाचं माणूस असं चालतं व्हय? तू मुकादम, तूच त्यांना कामावर घेतलंस, तवा तुला दिसला न्हाई का क्षय?

कागदावर त्यांच्या कामाचं नाव लिहिलंय 'सिलिका पावडर भरणी'. हे आन् काय? सहा वर्सं तुम्ही दोघं माझ्याम्होरं 'पीठ' म्हणत आला. पीठ भरतो, पीठ चाळतो, पीठ वॅगनीत चढवतो. सिलिका कधी तोंडातनं आलं न्हाई. ही काय चीज हाय ते लिही.

जावयाला, संपतला, काम लागलं तर मला नको हाय असं न्हाई. अंजनाच्या संसाराला ठिकाण न्हाई. राहू गावाला दुसऱ्याच्या उसात किती दिवस राबणार तो? सही मी करीन बी. पण आधी सांग.

तुझ्या दाजींचं येवस्थित चाललंय. पडवीत खाट टाकून दिलीय. ताट-तांब्या येगळा हाय. तो ठेवावाच लागतो, दौंडच्या डॉक्टरनं सांगितलंय म्हणून तूच बजावलं व्हतंस. खोकला हाय तसाच हाय.

चांगुणा


कोरेगाव भीमा
२२ जानेवारी १९७५

आनंदास,

तुझं अंतर्देशीय मिळालं. तीन बाजू भरून लिहिलंस, त्यातल्या अडीच बाजू तुझ्या पोराच्या शाळेच्या. मी जे इचारलं त्याला दीड ओळ. "आक्का, सिलिका म्हणजे आपली शिळाच, इंग्रजांनी उच्चार बदलला. पाट्यावर वाटण वाटतेस तोच दगड, त्यानं कुणाला काय होतंय?"

हे वाचून मला बरं वाटायला पायजे व्हतं. न्हाई वाटलं. तू एवढं गोड कधी समजावून सांगत न्हाईस.

आता इकडं काय झालं ते ऐक. मारुतराव गुरुजी तुला आठवत असतील, तुला चौथीत छडी मारायचे ते. आता रिटायर झालेत आन् लाकडाच्या पेटीतनं साबुदाण्यावाणी गोड गोळ्या देतात. पैसे घेत न्हाईत. तुझ्या दाजींना सहा महिने त्यांच्याच गोळ्या चालू हायेत. बाटली संपली की मी नेऊन देते, दुसरी आणते.

तर सोमवारी मी पोती झटकत व्हते. मिलमधली रिकामी पोती, तूच दिली व्हतीस अंथरायला. पोत्यावर निळ्या शाईत इंग्रजी छापलंय. ते आजवर कधी नीट बघितलं न्हवतं. पयलं अक्षर सापावाणी, दुसरं काठी, तिसरी बसलेली काठी, मग परत काठी, मग फुटकी बांगडी. कमरेला गोळ्यांची बाटली खोचलेली. तिच्यावरच्या चिठ्ठीकडं नजर गेली. साप, काठी, बसलेली काठी, काठी, फुटकी बांगडी. पाच अक्षरं तीच. म्हटलं, मिलमधलं पीठ हा म्हातारा माझ्या माणसाला खायला घालतोय! तुमचं दोघांचं संगनमत हाय असंच धरलं मी. तुला छडी मारणारा आन् तू.

पोतं काखेत मारलं आन् गेले. गुरुजी ओट्यावर दाढी करत व्हते. तोंडाला फेस.

"गुरुजी, हे काय आन् हे काय? एकच हाय का?"

"चांगुणाबाई, तोंड तर धुऊ द्या."

"नंतर धुवा. आधी वाचा."

वाचलं. चष्मा लावून परत वाचलं. पोत्यावर सिलिका, बाटलीवर सिलिशिया. मग पुस्तक काढलं, मग दुसरं जाडजूड काढलं. फेस वाळून गालाला चिकटला तरी ध्यान न्हाई. म्हणाले, "मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये सिलेक्स म्हणजे गारगोटी. त्यावरून हे दोन्ही."

"लॅटिन कोण?"

"भाषा. रोमच्या लोकांची. आपल्या पालीसारखी, आता घरात कुणी बोलत नाही."

"म्हंजी तुम्ही त्यांना गारगोटी चारताय."

म्हातारा लाजला. म्हणाले, गोळीत ती नावालाच असते, समुद्रात चिमूट टाकावी तशी, त्यानं अपाय नाही. मी म्हटलं, मग उपाय तरी कसा व्हणार? तवा त्यांनीच मला उलट इचारलं, "यांनी मिलमध्ये गारगोटी दळली, हे तुम्ही मला सहा महिन्यांत का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, मला कुठं ठावं व्हतं! मला पीठ सांगितलं व्हतं.

शिळेचं बी इचारलं. ते म्हणाले, "ऐकायला सारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण कोशात त्यांचं नातं कुठं दाखवलेलं नाही. तोंडावळा सारखा, घराणं वेगळं." मग त्यांना चेव आला. चकमक हा शब्द तुर्कांचा, म्हणाले, घोड्यांवर बसून आला. काच आपला संस्कृतातला, वाळू बी आपलीच. काच, वाळू, चकमकीचा दगड, गारगोटी, सगळ्यात ही सिलिकाच हाय म्हणाले. मी म्हटलं, मग आपल्याकडं एवढी नावं असताना मिलवाल्यांना रोमचं कशाला लागलं?

गुरुजी म्हणाले, शास्त्राची भाषा आहे ती, जगभर एकच नाव लागतं.

मला न्हाई पटलं. 'गारगोटीची भुकटी भरणी' असं मराठीत पाटीवर लिहिलं असतं, तर आपल्यातला एक तरी गडी फडकं न बांधता आत गेला असता का? शेतात नांगराला गारगोटी लागली तर पोरगं बी ती तोंडात घालत न्हाई. पण पीठ म्हटलं की माणूस निवांत. पीठ कोण म्हणालं पयल्यांदा, आनंदा? शेठ की तू?

कागदावर सही केलेली न्हाई. उद्या यांना घेऊन पुण्याला सरकारी दवाखान्यात जाते. गुरुजींनीच जायला लावलंय. पेटीला त्यांनी कुलूप घातलंय.

चांगुणा


कोरेगाव भीमा
११ फेब्रुवारी १९७५

आनंदास,

दोन पत्रं टाकलीस, दोन्हींत एकच, पुण्याला नेऊ नको, उगाच हाल व्हतील, दौंडचा डॉक्टर आपला माणूस हाय. तुझी पत्रं आली तवा आम्ही जाऊन आलो व्हतो. पयलं हे लिहून टाकते की तू जायला नको म्हटलंस तवाच मला कळलं, जायला पायजेच व्हतं.

तीन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. छातीचा फोटो काढला. सकाळचा बेडका तीन दिवस डबीत दिला. डॉक्टरीण अंजनाच्या वयाची. तिनं यांच्या नावाचा पुकारा केला आन् हे उठून दरवाज्यापोतर गेले, तेवढ्यानंच खाली बसले. तिनं इचारलं, काय काम करायचे?

मी म्हटलं, "मिलमध्ये पीठ भरायचे."

"गव्हाचं?"

"गारगोटीचं."

तिनं लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं. किती वर्षं, म्हणाली. सहा. तोंडाला काय बांधायचे? मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "सुपारी ठेवायचो. आनंदा म्हणायचा, सुपारी चघळली की घसा कोरडा पडत न्हाई."

तिसऱ्या दिवशी तिनं फोटो उजेडाला धरला. बर्फाची गार पडल्यावर अंगण दिसतं तसं आत दिसत व्हतं. म्हणाली, "बाई, यांना क्षय नाही. तीनही वेळा बेडका साफ आहे. हा सिलिकोसिस आहे."

"सिलिका मला ठावं हाय," मी म्हटलं. "रोमच्या लोकांची गारगोटी. म्होरचं ओसिस काय?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "तुम्हांला कुणी सांगितलं हे?"

"ते राहू दे. ओसिस सांगा."

"ते ग्रीकांचं शेपूट आहे. अवस्था. शरीराची झालेली गत."

"म्हंजी गारगोटीनं केलेली गत."

"अगदी तसंच."

"मग आता बरं कशानं व्हणार?"

आत गेलेली भुकटी बाहेर निघत न्हाई म्हणाली. धूर-धुळा टाळा, थंडीत जपा, ताप आला तर लगेच या. तेवढंच. मग मी इचारलं, हे नाव नवीन काढलंय का? म्हटलं नवं असंल, तर बिचाऱ्या दौंडच्या डॉक्टरला ठावं नसंल. तुला बी नसंल. खरं सांगते, तुला सोडवायलाच इचारलं मी.

ती म्हणाली, "नाव पाडलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. इटलीतल्या एका डॉक्टरनं. रोग तर त्याहून कितीतरी जुना, दगड फोडणाऱ्यांना पूर्वीपासून होतोय."

शंभर वर्सं, आनंदा. आपला बाप जन्मला न्हवता तवापासून हा शब्द पुस्तकात हाय. मिल काढणाऱ्यानं गारगोटी कुठनं आणायची, किती बारीक दळायची, कुठल्या कारखान्याला इकायची, हे सगळं पुस्तकात बघितलं आन् तेवढंच पान वाचायचं राहिलं व्हय?

आन् एक म्हणाली ती. मी उठले तवा सहज म्हणाली, "आणि हे कुणाला लागत नाही हं. एका ताटात जेवलात तरी."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"लागत नाही."

"परत म्हणा."

तिनं परत म्हटलं. मी तिथंच फरशीवर बसले.

आता मी बी तुला खरं लिहिते, म्हंजी तुला बी लिहायला जड जाणार न्हाई. पयल्या पत्रात लिहिलं पडवीत खाट टाकलीय. खोटं. दोन वर्सं झाली, हे परड्यातल्या शेळीच्या खोपटात हायेत. शेळी काढून यांना ठेवलं. ताट दाराशी ठेवायचं आन् काठीनं आत ढकलायचं. तांब्यात पाणी वरनं वतायचं. अंजनाचं पयलं बाळंतपण आपल्याकडं व्हायला पायजे व्हतं, मी तिला आणली न्हाई, राहूलाच झालं. पोरगी आठ महिन्यांची झाली, यांनी अजून बघितलेली न्हाई. एकदा म्हणाले, लांबनं दाखव. मी म्हटलं, लांबनं बी नको.

आन् मी त्यांना काय काय बोलले! दौंडात कुठल्या बाईकडं जात व्हता, कुणाचं उष्टं खाल्लं, कुठनं आणला हा रोग माझ्या घरात. ते कधी काय बोलले न्हाईत. मला वाटायचं, गप बसतात म्हंजी कबूल हाय. त्यांना बोलायला दम पुरत न्हवता.

येताना येश्टीत मी त्यांच्या बाकावर बसले. ते सरकले. मी सरकले. ते खिडकीला चिकटले, तोंडावर पंचा धरला. म्हणाले, "लांब बस. लागंल."

आता एकच इचारते. दोन वर्सांमागं तू यांना घरी आणून सोडलंस तवा दौंडच्या डॉक्टरकडं यांचा बेडका तपासला व्हता का न्हाई? आन् काय निघालं? मला पोराची शाळा नको. एका ओळीत लिही.

चांगुणा


कोरेगाव भीमा
२४ फेब्रुवारी १९७५

आनंदा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन ज्ञानदेवनं ओट्यावर उभं राहूनच वाचलं, उघड्या कार्डाला कशाची आडकाठी. "तपासला होता. साफ होता." वाचून त्यानं मला इचारलं, "चांगलीच बातमी हाय की, आक्का?" मी व्हय म्हटलं.

दोन वर्सं तुला ठावं व्हतं. तू साफ निघालेला कागद खिशात घातलास आन् माझ्या दारात येऊन म्हणालास, आक्का, क्षय हाय, भांडं येगळं ठेव. शेठनं क्षय म्हणायला सांगितलं असंल, ते मी समजते. क्षय झाला तर ज्याचं त्याचं नशीब, गारगोटीची गत झाली तर मिलचं नाव येतं. तुझी मुकादमी राहावी म्हणून तू ते म्हणालास, ते बी समजते. पण भांडं येगळं ठेव, हे तुला शेठनं सांगितलं न्हवतं. ते तू आपल्या मनानं लावलंस, खोटं खरं वाटावं म्हणून.

कागद माझ्यापाशी हाय. त्यावर माझी सही व्हणार न्हाई. संपतचं नाव शेठच्या यादीत कुठं घातलं असशील तर खोड.

माफी-बिफी लिहू नको. कार्डावर तर न्हाईच.

चांगुणा


कोरेगाव भीमा
१६ मार्च १९७५

आनंदा,

तुझं उत्तर न्हाई. मला वाटलं शरमला असशील. आता कळलं तू का गप हायेस.

गेल्या रविवारी मी राहूला जाऊन अंजनाला आन् पोरीला घेऊन आले. संपत घरी न्हवता. कुठं गेला इचारलं तर अंजना म्हणाली, कामावर. मी म्हटलं, रविवारचं कसलं काम? ती म्हणाली, ऊसतोड. बरं म्हटलं. घाई व्हती.

इथं आल्यावर पयलं पोरीला खोपटात नेलं. खोपटात म्हंजी मी यांना घरात आणलंय कवाच, पण हे दिवसा आपलं आपलं उठून परड्यात जाऊन बसतात. सवय झालीय, म्हणतात. यांनी पोरीला बघितलं आन् भिंतीला टेकले. मी म्हटलं, घ्या. नको म्हणाले. दोन्ही हात काखेत घातले, पोरगं चोरी लपवतं तसे.

"अहो, डॉक्टरीण म्हणालीय. लागत न्हाई."

"तिला काय ठावं."

"तिनं फोटो बघितलाय आतला!"

"तू दोन वर्सं लागतंय म्हणालीस. आता लागत न्हाई म्हणतीस. उद्या काय म्हणशील?"

माझ्यावरच विश्वास न्हाई त्यांचा आन् तो नसायला मीच कारण. शेवटी मी त्यांच्या पेल्यातलं पाणी घेतलं आन् त्यांच्या म्होरं प्याले. अर्धं राहिलं ते अंजना प्याली. ती रडत व्हती, मी न्हाई. तवा कुठं त्यांनी एक हात काढला. पोरीनं बोट धरलं आन् सरळ तोंडात घातलं. हे ओरडले, "काढ, काढ!" आन् ओरडल्यानं त्यांना अशी उबळ आली की पाव तास गेला. पोरगी हसत व्हती. तिला वाटलं, आजा खेळतोय.

आता मांडीवर घेतात. दिवसभर घेतील, पण पोरगी जड हाय, दम लागतो. मग ती खाली आन् हे तिच्याकडं बघत बसतात.

दुसऱ्या दिवशी अंजना धुणं घेऊन बसली. संपतचे दोन शर्ट बी आणले व्हते तिनं. मी सहज बघत व्हते. शर्ट बुडवला आन् बादलीतलं पाणी दुधावाणी झालं. पिळला, परत दूध. उसाच्या कपड्याचं पाणी असं निघतं व्हय? सहा वर्सं मी यांचे कपडे धुतलेत. पिठाचा वास नसतो, चव नसते, पण पाणी मी वळखते.

"संपत कुठं हाय, अंजना?"

तिनं शर्ट परत बादलीत बुडवला.

"दौंडाला हाय का?"

"संक्रांतीपासनं," म्हणाली. "मामा म्हणाले, आईला आत्ता सांगू नको, सही झाली की सांगू."

म्हंजी मी इकडं तुला लिहीत व्हते, सही करते, करत न्हाई, नाव खोड, तवा तो आत भरणीला लागला व्हता. माझी सही मिळायच्या आधीच तू माल उचललास. दोन महिने! तोंडाला काय बांधतो तो, आनंदा? का त्याला बी सुपारी दिलीस?

अंजनाला सगळं सांगितलं. तिनं त्याला पत्र टाकलं, ये म्हणून. त्याचं उत्तर आलं की मामा म्हणतात तुझ्या बापाला क्षयच हाय, पुण्याची डॉक्टरीण पोरसवदा हाय, तिला कळत न्हाई, आन् इथं काम पक्कं व्हायला आलंय, मी येत न्हाई. त्याच्या अक्षरात तुझं बोलणं मी वळखलं.

मी गुरुजींकडं गेले. ते म्हणाले, कलेक्टरला अर्ज करू, कामगार अधिकाऱ्याला करू. दोन्ही अर्ज त्यांनी लिहिले, मी सह्या केल्या, मोठ्या अक्षरात. तुझा कागद बी एका अर्जाला लावून दिला, शेठची भाषा त्यांनाबी वाचू दे. पण अर्ज पोचून साहेब उठेपोतर संपत किती पोती भरंल? म्हणून मी साहेबाच्या भरवशावर बसत न्हाई.

मंगळवारी सकाळच्या येश्टीनं मी दौंडला येतेय. शिक्रापुरावरनं चौफुला, चौफुल्यावरनं दौंड. मिलच्या गेटावर बसणार. दुपारच्या सुट्टीला गडी बाहेर पडतील तवा सगळ्यांना सांगणार की पीठ म्हणू नका, गारगोटी म्हणा. आपल्या भाषेत म्हणा. रोमच्या भाषेत ती सिलिका, फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस. शब्द शंभर वर्सांचा हाय आन् तुमच्या मुकादमाला तो दोन वर्सं ठावं हाय.

मी बाई माणूस, दुसरी शिकलेली. माझं ऐकून संपत उठंलच असं न्हाई. तू म्हणशील आक्काचं डोकं फिरलंय, आन् ते खरं मानतील. म्हणून एकटी येत न्हाई. तुझे दाजी संगं येतायत. अंजना नको म्हणाली, मी नको म्हणाले, तवा ते म्हणाले, "मी आलो न्हाई तर तुझ्या शब्दाचा अर्थ कोण सांगणार?" दोन वर्सांत एका दमात बोललेलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य हे.

येश्टी स्टँडापासनं गेटापोतर चालतच यायचं म्हणतात. टांगा नको. दहा पावलं झाली की बसतील, परत उठतील. त्यांना कुणाशी काय बोलावं लागणार न्हाई. ते नुसते श्वास घेतील, ते गेटाच्या आतनं संपतला ऐकू येईल.

गेटावरनं माणसं हटवायचं काम मुकादमाचं असतं. तेव्हा तूच ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नको.

तुझी बहीण
चांगुणा